‘कानाची नस सुकली’ म्हणण्याआधी

चोपडा तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: वहिनींचं वय ३६, वजन ५२ किलो. चार वर्षांपासून आमवात, त्यासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम. पाच आठवड्यांपूर्वी डाव्या कानाने कमी ऐकू येऊ लागलं, सोबत सू सू आवाज. दोन आठवड्यांपासून उजवा कानही उतरतोय आणि अंधारात चालताना तोल जातो. आधी मळ समजून थेंब दिले, मग अँटिबायोटिक, आणि आता ‘कानाची नस सुकली, मशीन लावा’ असं सांगितलं गेलं. आमवाताचा आणि कानाचा काही संबंध असतो का? आता काही करता येईल का?

संबंध असू शकतो. आणि करता येतं, पण इथे हिशोब महिन्यांचा नाही, दिवसांचा आहे. नसेच्या बहिरेपणात औषधाने मागे फिरणारे प्रकार बोटांवर मोजण्याइतके आहेत. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतल्या कानावर उलटल्याने येणारा बहिरेपणा त्यातला एक, आणि हा तोच असू शकतो. त्यामुळे याच आठवड्यात ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काढा, आणि तो घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञ व आमवाताचे डॉक्टर दोघांनाही गाठा. पुढचं उत्तर नंतर वाचलं तरी चालेल.

आतला कान कानशिलाच्या हाडात कोरलेला असतो. एका बाजूला अडीच वेढ्यांची शंखासारखी नळी, म्हणजे कॉक्लिया; ती ऐकण्यासाठी. दुसऱ्या बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन बारीक पिशव्या, त्या तोलासाठी. एका कॉक्लियात आवाज टिपणाऱ्या केसपेशी साधारण १५,००० असतात, आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. या पेशी चालतात पोटॅशियमने भरलेल्या द्रवावर. तो द्रव तयार करणारी आणि सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब टिकवणारी एक पट्टी नळीच्या बाहेरच्या भिंतीत असते, स्ट्राया व्हॅस्क्युलॅरिस. रक्तवाहिन्यांनी ती गच्च भरलेली असते. तिला शेतातला डीपी समजा. डीपी बसला की विहिरीवरच्या मोटारी धडधाकट असूनही पाणी येत नाही. वेळेत दिलेल्या स्टिरॉइडने ऐकणं परत येतं ते बहुधा अशा वेळी, जेव्हा डीपी बसलेला असतो पण मोटारी जळालेल्या नसतात. उशीर झाला की मोटारीही जातात, मग गोळ्या कितीही द्या.

आतला कान मेंदूसारखा रक्तापासून अडसराने वेगळा ठेवलेला असतो, म्हणून प्रतिकारशक्तीचा तिथे वावर नाही असं बराच काळ मानलं जाई. ते खरं नाही. आतल्या द्रवाची जी पिशवी मेंदूच्या आवरणापाशी टेकलेली असते, तिथे प्रतिकारपेशींची चौकीच असते. चौकी शत्रूसाठी आहे, पण ओळख चुकली की घरच्यांवरच काठी चालते. नुकसान वेगवेगळ्या वाटांनी होतं. कधी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आणि टी-पेशी (प्रतिकारपेशींचा एक प्रकार) कानातल्या प्रथिनांनाच परकं समजतात. कधी शरीरात दुसरीकडे तयार झालेली प्रतिपिंडांची गुंतवळ स्ट्रायाच्या बारीक वाहिन्यांत अडकते. कधी वाहिनीच सुजते. आणि अँटिफॉस्फोलिपिडसारख्या रक्त गोठण्याच्या आजारात तिथे गुठळी होते. कानाला रक्त पुरवणारी धमनी एकच आणि बारीक. ती तुंबली तर पाणी वळवायला दुसरी चारी नाही.

अमेरिकेतल्या ब्रायन मॅकेब यांनी १९७९ मध्ये १८ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्या सगळ्यांचा दोन्ही कानांचा नसेचा बहिरेपणा वाढत चालला होता आणि तो स्टिरॉइडला दाद देत होता. तेव्हापासून हा वेगळा आजार मानला जातो. बहिरेपणाच्या एकूण रुग्णांत याचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. दुर्मिळ आहे म्हणूनच तो पहिल्या खेपेला कुणाच्या डोक्यात येत नाही.

याची चाल लक्षात ठेवण्यासारखी आहे. म्हातारपणाचा बहिरेपणा वर्षानुवर्षं सरकत येतो. अचानक येणारा बहिरेपणा ७२ तासांच्या आत कान पाडतो, आणि बहुतेक वेळा एकच कान. प्रतिकारशक्तीचा बहिरेपणा या दोन्हींच्या मधला: आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत उतरणारा, दोन्ही कानांचा. दोन्ही एकाच दिवशी उतरतील असं मात्र नाही. एक आधी, दुसरा आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही. मधे दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा खाली जातं. जवळपास निम्म्या रुग्णांत तोलाचीही तक्रार असते. वय बहुधा २० ते ५०, बायकांमध्ये जास्त. साधारण १५ ते ३० टक्के रुग्णांत शरीरात दुसरा एखादा स्वयंप्रतिकार आजार असतो. वहिनींच्या बाबतीत तो आधीच माहीत आहे. उरलेल्यांत फक्त कानच धरलेला असतो, आणि त्यांचं निदान आणखी उशिरा होतं.

रुग्ण सहसा ‘बहिरा झालो’ असं म्हणत नाही. अहिराणीत सांगतात, ‘आयकू येस, पन समजत नही.’ हे वाक्य फार मोलाचं आहे. आवाज पोहोचतो, शब्द फुटत नाहीत, हे आतल्या कानाचं किंवा नसेचं लक्षण, मळाचं नाही. मळ असला की आवाज नुसता बारीक होतो, मोठ्याने बोललं की सगळं समजतं.

घरी एक साधी पारख करता येते. तोंड मिटून ‘हूं’ असा लांब आवाज काढायचा. वाईट कानात तो मोठा वाटला तर अडचण मळ, पडदा किंवा मधल्या कानात. चांगल्या कानात मोठा वाटला तर आतल्या कानाचा संशय. दोन्ही कान सारखेच उतरले असतील तर ही पारख फसते. दवाखान्यात हेच काम ५१२ हर्ट्झचा कंप पावणारा चिमटा (ट्युनिंग फोर्क) करतो, अर्ध्या मिनिटात. तो कपाळावर टेकवलाच नसेल आणि तरी मळाचे थेंब लिहून मिळाले असतील, तर तपासणी अपुरी झाली असं समजा.

आपल्याकडे निदान चुकतं कुठे? पहिलं कारण कामाचं ठिकाण. जळगावच्या डाळ मिला, तालुक्यातालुक्यांतल्या जिनिंग, धुळ्याचे यंत्रमाग, भुसावळची रेल्वे आणि आयुध निर्माणी: इथे काम करणाऱ्याच्या कानाचा दोष आवाजावर ढकलणं सोपं असतं. पण आवाजाने खराब झालेल्या कानाच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, तो दोन्हीकडे बराचसा सारखा असतो आणि वर्षांनी खोल होतो. पाच आठवड्यांत २० डेसिबल खाली आलेला कान जिनिंगच्या माथी मारू नये, माणूस तिथे वीस वर्षं कामाला असला तरी.

दुसरं कारण चक्कर. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की चक्कर म्हणजे ऊन. एरवी चक्कर म्हणजे ‘मानेचे मणके’. मानेचा एक्स-रे काढला की चाळिशीनंतर काहीतरी झिजलेलं दिसतंच, आणि पट्टा गळ्यात पडतो. चक्करसोबत कानात आवाज किंवा ऐकण्यात फरक असेल, तर मानेचा एक्स-रे आधी नको, ऑडिओग्राम आधी.

तिसरं, इंजेक्शनं. टीबीसाठी पूर्वी सर्रास दिलेलं स्ट्रेप्टोमायसिन आणि औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत वापरली गेलेली कॅनामायसिन, अमिकासिन ही आतल्या कानाला घातक आहेत. त्यांचा बहिरेपणाही दोन्ही कानांचा असतो आणि आठवड्यांतच दिसतो, म्हणून जुनी फाईल नेलीच पाहिजे. सांधेदुखीसाठी जास्त मात्रेत ॲस्पिरिन घेतल्यानेही कान वाजतात व ऐकणं उतरतं. ते बंद केल्यावर सुधारतं.

आणि चौथं, पुडी. गावोगाव सांध्यांच्या दुखण्यावर बिननावाच्या पुड्या मिळतात, त्यांत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. वहिनींनी अशी पुडी घेतली असेल तर लपवू नका. पुडीवर असताना कान बरा वाटत होता आणि बंद केल्यावर बिघडला, ही माहिती कुठल्याही रक्ततपासणीपेक्षा जास्त सांगून जाते.

तपासण्या: कोणत्या, कोणत्या क्रमाने

या आजाराचं शिक्कामोर्तब करणारी एकही रक्ततपासणी नाही. ६८ किलोडाल्टनच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी चाचणी मध्यंतरी गाजली, पण तिच्यावर उपचार ठरवावेत इतकी ती भरवशाची निघाली नाही. त्यात पैसे घालवू नका. निदान होतं ते दोन ऑडिओग्राममधल्या फरकावरून आणि स्टिरॉइडला मिळालेल्या प्रतिसादावरून. म्हणून आलेखाचा कागद चांगला हवा.

ऑडिओग्राम साउंडप्रूफ खोलीत, २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत, हवेतून आणि हाडातून अशा दोन्ही मार्गांनी केलेला असावा. मंगल कार्यालयातल्या मोफत शिबिरात बाहेर जनरेटर चालू असताना काढलेला आलेख खालच्या पट्टीत (कमी हर्ट्झच्या, जाड आवाजांत) खोटा बहिरेपणा दाखवतो. तो मशीन विकायला पुरतो, उपचाराला पुरत नाही. जवळ सोय नसेल तर धुळे, जळगाव, नंदुरबार इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागात विचारा. पुढचे आलेखही शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर काढा. यंत्र बदललं की पाच-दहा डेसिबलचा फरक नुसत्या यंत्राचा असू शकतो, आणि इथे सगळा खेळ दहा-पंधरा डेसिबलचाच आहे. एका पट्टीत १५ डेसिबल किंवा लगतच्या दोन पट्ट्यांत १० डेसिबल इतका बदल खरा धरतात.

सोबत शब्द ओळखण्याची टक्केवारी मागून घ्या. ही चाचणी वेळखाऊ म्हणून वगळली जाते, पण बऱ्याचदा सुधारणा प्रथम इथेच दिसते. १२ टक्क्यांहून जास्त बदल अर्थपूर्ण समजतात. एक बारकावा: शब्दांची यादी प्रमाण मराठीत असते. घरी पावरी, भिलोरी किंवा तडवी बोलणाऱ्या माणसाची टक्केवारी कान चांगला असूनही कमी येऊ शकते. ऑडिओलॉजिस्टला भाषा आधी सांगितली तर ओळखीचे शब्द निवडता येतात. निदान दर वेळी तीच यादी वापरली तर तुलना तरी खरी होते.

मग एमआरआय, गॅडोलिनियमचं (चित्र ठळक करणारं) इंजेक्शन देऊन, ऐकण्याच्या नसेसह. नसेवरची गाठ, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि मेंदूतले इतर आजार वगळण्यासाठी. मूत्रपिंड कमजोर असेल तर क्रिएटिनिन आधी पाहावं लागतं.

रक्तात सीबीसी, ईएसआर, सीआरपी, एएनए व एएनसीए (स्वतःच्या शरीरावर उलटणाऱ्या प्रतिपिंडांच्या तपासण्या), अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं, थायरॉइड, साखर, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या. शिवाय लघवीची साधी तपासणी. एएनए पॉझिटिव्ह आला म्हणून कानाचं निदान पक्कं होत नाही आणि सगळं नॉर्मल आलं म्हणून आजार नाही असंही होत नाही. या तपासण्या शरीरात आणखी कुठे आग लागली आहे का ते पाहण्यासाठी आहेत. व्हीडीआरएल आणि टीपीएचए मात्र चुकवू नका. सिफिलिस हुबेहूब असाच कान पाडतो आणि त्यावर पेनिसिलिन लागतं. हा चारित्र्याचा प्रश्न नाही, हा यादीतला नेहमीचा रकाना आहे, एचआयव्हीचंही तसंच.

कानापलीकडे काय पाहायचं, ते घरच्यांनाच आधी दिसतं. डोळे लाल, दुखरे, उजेड सहन न होणारे, आणि आगेमागे कान उतरला, तर कोगनचा आजार मनात आणा. डेव्हिड कोगन यांनी तो १९४५ मध्ये वर्णन केला. पावसाळ्यात याला ‘डोळे आले’ म्हणून सोडून दिलं जातं. डोळे येण्यात चिकट घाण येते, कोगनमध्ये ती येत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्लिट लॅम्पवर (डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकावर) पाहिलंच पाहिजे. डोळे आणि कान यांच्यात कित्येक महिन्यांचं अंतर असू शकतं, म्हणून जुन्या डोळ्यांच्या दुखण्याचीही आठवण काढा. बाहेरचा कान लालबुंद सुजला, पण कुडी घालतो ती मऊ पाळी मात्र साधी राहिली, तर कूर्चेचा आजार. नाकात रक्ताळ खपल्या, अँटिबायोटिकला न हटणारा मधल्या कानातला द्रव आणि लघवीत रक्त, तर रक्तवाहिन्यांची सूज. इथे कानाआधी मूत्रपिंड वाचवावं लागतं. अंगावर कोड, केस पांढरे, डोळे धूसर आणि कान, हे वोग्ट-कोयानागी-हारादाचं चित्र. डोकेदुखी, विसराळूपणा, नजरेतला एखादा तुकडा गायब आणि खालच्या पट्टीचं ऐकणं गेलेलं, तर सुसॅक. तो मज्जातंतूतज्ज्ञांकडे त्याच दिवशी. ल्युपस, स्योग्रेन या स्वयंप्रतिकार आजारांत आणि आतड्याच्या सुजेतही कान धरला जातो.

आमवाताबद्दल एक वेगळी नोंद. मधल्या कानातल्या तीन हाडांनाही खरेखुरे सांधे असतात आणि आमवात त्यांनाही शिवतो. पण त्याने होणारा बहिरेपणा सहसा हलका आणि मधल्या कानाचा. पाच आठवड्यांत दोन्ही कान व तोल जाणं हे त्या सांध्यांचं काम नव्हे. आणि ‘मेथोट्रेक्सेट चालू आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती दबलेली आहे, मग हे कसं होईल?’ हा युक्तिवादही टिकत नाही. ६७ रुग्णांवर झालेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टिरॉइडने परत मिळवलेलं ऐकणं टिकवण्यात मेथोट्रेक्सेट नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. सांध्यांसाठी ते चांगलंच आहे, कानाचा पहारेकरी म्हणून नाही.

स्टिरॉइड: मात्रा, मुदत आणि नेमक्या चुका

प्रेडनिसोलोन दर किलोला १ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ६० मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर एकाच वेळी. ५२ किलोला ५० मिलिग्रॅम. मुदत चार आठवडे. दोन आठवड्यांनी एक आणि चार आठवड्यांनी एक ऑडिओग्राम. चार आठवड्यांत काहीच हललं नाही तर दीड-दोन आठवड्यांत उतरवून बंद. सुधारणा झाली तर ती थांबेपर्यंत चालू ठेवून मग साधारण दोन महिन्यांत हळूहळू खाली. सुरुवातीला १० च्या पायऱ्या, २० च्या खाली आल्यावर ५ च्या किंवा २.५ च्या. प्रत्येक पायरीवर कानाकडे लक्ष. ज्या मात्रेवर कान पुन्हा घसरतो तो आकडा लिहून ठेवा. पुढचं सगळं नियोजन त्याच्यावर चालतं.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे भीतीपोटी अपुरी मात्रा: १० मिलिग्रॅम, पाच दिवस. त्याने कान सुधारत नाही, आणि वर ‘स्टिरॉइड देऊन पाहिलं, फरक नाही’ असा शिक्का फाईलवर बसतो. ही अर्धी चाचणी न केलेल्या चाचणीपेक्षा वाईट. दुसरी चूक नावांच्या घोळातून होते. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे ६ मिलिग्रॅम डेफ्लाझाकॉर्ट, ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन. म्हणजे ५० च्या जागी डेफ्लाझाकॉर्ट ६० लागेल. ‘हे सौम्य आहे’ म्हणून ६ ची एक गोळी दिवसातून दोनदा दिली तर ती १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच झाली.

तिसरी चूक जिवावर बेतणारी: तीन आठवड्यांनंतर गोळ्या संपल्या म्हणून एकदम बंद. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं तोवर थांबवून बसलेलं असतं. उलट्या, रक्तदाब कोसळणं, बेशुद्धी इथपर्यंत जातं. लग्नकार्य, यात्रा, शेतीची घाई यांत पाकीट संपू देऊ नका.

सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची चौकशी, कावीळ बी, साखर, रक्तदाब, काचबिंदूचा इतिहास. जंताचं औषधही विचारून घ्या; अनवाणी शेतात काम करणाऱ्यांत स्ट्राँगायलॉइड्स नावाचा जंत असू शकतो आणि मोठ्या स्टिरॉइडवर तो अंगभर पसरतो. पण या तपासण्यांचे रिपोर्ट येईपर्यंत आठवडा वाया घालवू नये. बहुतेक एक-दोन दिवसांत होतात. मोठ्या शहरातल्या आमवाततज्ज्ञांची तारीख पुढच्या महिन्याची असेल तर जवळच्या फिजिशियनच्या देखरेखीत सुरुवात करता येते.

चालू असताना साखर दुपारच्या जेवणानंतरची पाहा. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने ती दुपारनंतर चढते, उपाशीपोटीची चांगली येते आणि फसवते. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, आणि वेदनाशामक चालू असेल तर पोटाची गोळी. मीठ कमी: पापड, लोणचं, शेव, चिवडा बाजूला. भरीत-भाकरी खुशाल खा, वरचं मीठ आणि ठेच्यातलं मीठ आवरा. स्टिरॉइडने पोटॅशियम घटतं म्हणून रावेर-यावलची माणसं डझनाने केळी सुचवतात. दिवसाला एक-दोन ठीक, पण साखर चढलेली असेल तर केळ्यांचा हट्ट नको, रक्तातलं पोटॅशियम मोजा. झोप उडते, चिडचिड होते, क्वचित माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. अशा वेळी ‘बाहेरचं’ पाहायला नेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. जिवंत विषाणूंच्या लसी या काळात घेऊ नयेत.

वहिनींसाठी खास इशारा मेथोट्रेक्सेटचा. ते आठवड्यातून एकदाच. स्टिरॉइडच्या रोजच्या गोळ्यांसोबत एकाच डबीत ठेवलं आणि रोज खाल्लं गेलं तर अस्थिमज्जा बसते. आठवड्याचा वार पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. फुप्फुसाचा संसर्ग टाळायला मोठ्या स्टिरॉइडवर कधीकधी कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक देतात. मेथोट्रेक्सेटसोबत ते धोकादायक आहे. लिहून मिळालं तर ‘मेथोट्रेक्सेट चालू आहे’ हे तोंडाने सांगा. मूल हवं असेल तर तेही आत्ताच सांगा, कारण मेथोट्रेक्सेट आणि पुढे कधी लागू शकणारं मायकोफिनोलेट गर्भाला घातक आहेत.

साखर फार वाढलेली असेल किंवा टीबी चालू असेल तर पोटातून मोठी मात्रा देणं अवघड होतं. तेव्हा, किंवा गोळ्यांनी अपुरं काम झालं तर, पडद्यातून मधल्या कानात डेक्सामेथासोनचं इंजेक्शन देतात. पडदा बधिर करून बारीक सुईने अर्ध्या मिलिलिटरच्या आसपास औषध सोडायचं. मग कान वर करून वीस-तीस मिनिटं पडून राहायचं आणि शक्यतो थुंकी गिळायची नाही, कारण गिळलं की औषध घशात निसटतं. औषध अंगाइतकं कोमट हवं. थंड सोडलं की आतल्या तोलाच्या नळ्या ढवळतात आणि टेबलावरच गरगरतं. हे दोन आठवड्यांत साधारण चार वेळा. पडद्याला छिद्र राहून जाणं क्वचित होतं. तोवर कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, तेल तर नाहीच.

सुरुवातीला निम्म्याहून जास्त रुग्ण स्टिरॉइडला दाद देतात. पुढे वर्षांगणिक हा प्रतिसाद कमी होत जातो. सोडलं की घसरणाऱ्यांसाठी अझाथायोप्रिन, मायकोफिनोलेट, रिटुक्सिमॅब, अनाकिनरा ही प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं वापरून पाहिली गेली आहेत, पण पुरावे थोड्या रुग्णांवरचे आहेत. वहिनींना आमवात असल्याने पुढचं औषध निवडताना सांधे आणि कान दोन्ही एकाच औषधात सांभाळले जातील असं पाहता येतं. हा निर्णय आमवाताच्या डॉक्टरांचा. चक्करसाठी दिल्या जाणाऱ्या बीटाहिस्टीनने ऐकणं परत येत नाही. चक्करसाठीचं प्रोक्लोरपेरॅझिन दोन-तीन दिवसांपलीकडे नको. महिनोन्‌महिने घेतलं तर हात थरथरतात आणि मेंदूला तोल नव्याने शिकायला जमत नाही.

मशीन आणि इम्प्लांट

स्टिरॉइडचा कोर्स चालू असताना महागडं मशीन विकत घेऊ नका. कान दर पंधरवड्याला बदलतोय. घ्यायचंच तर संगणकावर पुन्हा जुळवता येणारं, जास्त ताकदीची जागा शिल्लक असलेलं, आणि दर नव्या आलेखाबरोबर जुळवून घेतलेलं. दिव्यांग प्रमाणपत्रही कान स्थिरावल्यावर काढा.

दोन्ही कान पुरते गेले आणि मशीनने शब्द समजेनात, तर कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कॉक्लियात तार बसवून नसेला थेट संकेत देणारं यंत्र. या आजारात नुकसान मुख्यतः कॉक्लियात असतं, नस बऱ्यापैकी शाबूत राहते, म्हणून निकाल चांगले येतात. मात्र सूज विझताना नळीच्या आत हाड भरू शकतं, विशेषतः कोगनमध्ये, आणि मग तार आत सरकत नाही. त्यामुळे ‘अजून एक वर्ष पाहू’ म्हणण्याआधी सीटी आणि एमआरआयवर नळी मोकळी आहे का ते पाहून घ्या. शस्त्रक्रियेआधी न्यूमोकोकसची लस घ्यावी लागते.

तोल

दोन्ही बाजूंचा तोल सारखाच गेला की गरगरत नाही, म्हणून तो आजार वाटतच नाही. चालताना समोरचं दृश्य हलतं, दुकानाची पाटी वाचायला थांबावं लागतं, आणि अंधारात पाय फाकतात. व्यायाम असा: अंगठा हातभर पुढे धरा, नजर नखावर खिळवा, डोकं डावी-उजवीकडे हलवा, नख धूसर होणार नाही इतक्याच वेगाने. एक मिनिट, दिवसातून चार-पाच वेळा, मग वर-खाली. पहिला आठवडा मळमळतं. ते चुकीचं नाही, त्याशिवाय मेंदू शिकत नाही.

रोज सकाळी मोबाइलवर तीच एक रेकॉर्डिंग, त्याच आवाजाच्या पातळीवर, आधी डाव्या मग उजव्या कानाने ऐकायची आणि दहापैकी किती समजलं ते कॅलेंडरवर मांडायचं. सलग दोन दिवस घसरण दिसली तर तिसऱ्या दिवशी ऑडिओग्राम.

शेतीची लाइट रात्रीची असेल त्या आठवड्यात पाणी द्यायला वहिनींना पाठवू नका. बांधावर, ओल्या मातीत आणि अंधारात पाय आणि डोळे दोन्ही आधार देत नाहीत, आणि तिसरा आधार, म्हणजे कान, आधीच गेलेला असतो. सांडपाण्याच्या मोरीपासून खाटेपर्यंत रात्री एक छोटा दिवा जळत ठेवा. आणि पोहायला येत असलं तरी विहिरीत किंवा तापीत उतरायचं नाही. डोकं पाण्याखाली गेलं की वर कुठे आणि खाली कुठे हे सांगणारा कानच नसतो, आणि पट्टीचा पोहणाराही तळाकडे पोहत जातो.